गिटारच्या बॉडीला रंग आणि तेल: आधी काय, मग काय

इलेक्ट्रिक गिटारची बॉडी सुताराकडून कापून घेणारे किंवा कोरी किट ऑनलाइन मागवून घरीच जोडणारे वाचक आता जालना, अंबड, परतूरसारख्या गावांतूनही प्रश्न विचारतात. त्यांत तीन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. जवसाचे तेल लावून आठवडा झाला, तरी बॉडी हाताला चिकटते, असे का? सुंदर निळा रंग दिला होता, तेल लावल्यावर तो हिरवट कसा झाला? पॉलिशवाल्याने लांबी भरून दिली, आता रंग जागोजागी धरतच नाही, काय करावे?

तिन्हींच्या मुळाशी गोष्ट एकच. लाकूड, रंग आणि तेल यांचा मेळ किंवा क्रम चुकला, किंवा दोन थरांमध्ये वाळायला पुरेसा वेळ दिला नाही. काम अवघड नाही आणि महाग यंत्रेही लागत नाहीत. बॉडीचे दोन्ही बाजूंचे आणि कडांचे क्षेत्रफळ जेमतेम पाव ते एक तृतीयांश चौरस मीटर भरते. पाव लिटर तेलात सगळे हात होतात, त्यामुळे लिटरचा डबा घेऊ नका. मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत चार-पाच आठवडे हाताशी ठेवा. येत्या शनिवारी कार्यक्रम असेल, तर हे काम आत्ता काढू नका.

तेल तुमच्यासाठी आहे का?

आपल्याकडे वाद्याच्या लाकडाला झळाळी देण्याची जुनी रीत लाखेची आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथे लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडी बोळ्याने थरावर थर चढवण्याची कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. लाखेचे तेज तेलाला कधीच येणार नाही. पण लाख उष्णतेने मऊ पडते, स्पिरिट किंवा अत्तर सांडले की विरघळते आणि घामाने पांढुरकी होते. इलेक्ट्रिक गिटार वाजवताना उजवा हात तासन्‌तास बॉडीवर घासतो, स्टेजवरच्या दिव्यांखाली घाम गळतो आणि मंडपातून परतताना गिटार टेम्पोत तापते. अशा वापराला तेल बरे, असे माझे स्पष्ट मत आहे. ओरखडा पडला तर तेवढीच जागा घासून पुन्हा तेल लावता येते, सगळी बॉडी खरवडावी लागत नाही.

तेल घेऊ नये, असेही प्रसंग आहेत:

- आरशासारखी चमक हवी असेल. त्यासाठी फवाऱ्याने मारलेले पीयू किंवा लॅकरच लागते.
- बॉडी एमडीएफ किंवा प्लायची असेल. तिला सरळ ऑइल पेंट किंवा पीयू रंग द्या.
- बॉडीला आधी पॉलिश झालेले असेल आणि ते पूर्ण उतरवण्याची तुमची तयारी नसेल.
- वर्ष-दीड वर्षाने पुन्हा एक हात देण्याचा कंटाळा असेल.

आवाजाची काळजी सोडा. पिकअप तारेचे कंपन टिपतो. रंग आणि तेलाच्या पातळ थराने त्यात कानाला कळेल असा फरक पडत नाही.

लाकूड नीट ओळखा

रंग कसा बसेल हे डब्यावरच्या चित्रावरून नव्हे, लाकडावरून ठरते.

सागवान सहज मिळते, पण ते मुळात तेलकट असते. रंगाआधी ॲसिटोन किंवा स्पिरिटने ओल्या कापडाने पुसून घ्या आणि अर्ध्या-एक तासात पहिला हात द्या. उशीर केला की आतले तेल पुन्हा वर येते. सागवानावर वरचे तेलही हळू वाळते, म्हणून हात पातळ ठेवा.

महोगनी रंग फार छान घेते. छिद्रे मोठी असतात. ती तशीच दिसू द्यायची की भरायची, हे आधी ठरवा. तेलाच्या कामात ती मोकळी ठेवलेली मला जास्त आवडतात.

तुण वजनाने हलके, लालसर, कापायला सोपे. पट्टा लावून उभ्याने वाजवणाऱ्याच्या खांद्याला ते मानवते.

शिसव दिसायला देखणे, पण जड. ४५ मि.मी. जाडीची पूर्ण बॉडी शिसवीची केली तर खांदा दुखणारच. त्याला रंगाची गरजही नाही, नुसते तेल द्या.

आंबा आणि पाईन रंग डागाडागाने पितात, एका जागी गडद तर शेजारी फिके. रंगाआधी लाखेचा अगदी पातळ हात द्या. एक लिटर स्पिरिटला ५० ते ६० ग्रॅम चपडा लाख पुरते. तो वाळल्यावर हलके घासा, मग रंग द्या. रंग थोडा फिका येईल, पण एकसारखा येईल. या हातावर पाण्यातला किंवा तेलातला रंग वापरा, कारण स्पिरिटमधला रंग ती लाखच विरघळवतो.

ऑनलाइन किट घेतली असेल तर दोन गोष्टी तपासा. पहिली, कारखान्यातून सीलर मारलेला आहे का? बॉडीवर पाण्याचा थेंब टाका. मिनिट-दोन मिनिटांत मुरला तर लाकूड कोरे आहे, मण्यासारखा वर उभा राहिला तर सीलर आहे आणि तो घासून काढल्याशिवाय रंग धरणार नाही. दुसरी, वर विनिअरचा पापुद्रा आहे का? कडेने पाहिले की वेगळ्या लाकडाची बारीक रेघ दिसते. हा पापुद्रा अर्ध्या मिलिमीटरएवढाही असू शकतो. अशा बॉडीवर मशीन लावू नका, हातानेच आणि हलके घासा.

घरच्या बांधावरचे सागाचे झाड तोडून त्याची बॉडी करण्याचा विचार असेल, तर राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागते. झाड तुमच्या सातबाऱ्यावरच्या जमिनीत असले तरीही. लाकूड नेण्यासाठी वनखात्याचा वाहतूक परवानाही लागतो. एका गिटारसाठी वखारीतून बिलासह फळी घेणे सोयीचे. ती वर्षभर तरी सावलीत वाळलेली आहे ना, हे विचारा. ओल्या फळीची बॉडी पुढे तडकते, मग वर काहीही लावा.

घासणे: अर्धे यश इथे

दुकानात ज्याला पॉलिश पेपर म्हणतात तो १२०, १५०, १८० आणि २२० नंबरचा घ्या. प्रत्येक नंबरने आधीच्या नंबरचे ओरखडे गेले, तरच पुढे जा. नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासा. आडवा ओरखडा कोऱ्या लाकडावर दिसत नाही, रंग लावला की काळ्या रेघेसारखा उठतो. दिवा बाजूने तिरपा धरून पाहा, म्हणजे तो आधीच सापडेल.

सपाट भागावर २२० च्या पुढे जाऊ नका. जास्त बारीक घासलेले लाकूड चकाकते आणि रंग आत घेत नाही. अपवाद कडांचा. बॉडीच्या वरच्या आणि खालच्या टोकांना लाकडाचा आडवा छेद उघडा पडतो आणि तो रंग ढसाढसा पितो. तेवढाच भाग ३२० पर्यंत घासला, तर तिथला रंग बाकीच्याशी जुळतो.

मग ओल्या फडक्याने संपूर्ण बॉडी पुसा आणि वाळू द्या. बारीक तंतू उभे राहून लाकूड खरखरीत लागेल. ३२० च्या जुन्या, झिजलेल्या कागदाने ते हलकेच उतरवा. ही पायरी गाळली तर पाण्यातला रंग देताना हेच तंतू उठतात आणि ते घासताना रंगही निघून जातो.

फेविकॉलचे ओघळ शोधून काढा. फळ्या जोडताना सांध्यालगत सांडलेला डिंक वाळल्यावर दिसत नाही, पण रंग तिथे चढत नाही आणि फिका डाग राहतो. स्पिरिटचे फडके फिरवले की अशा जागा वेगळ्या दिसतात. पटाशीने खरवडून पुन्हा घासा. खड्डा भरायचाच असेल तर त्याच लाकडाचा बारीक भुसा आणि डिंक यांची भर वापरा. तीही रंग वेगळा घेते, म्हणून शक्यतो मागच्या बाजूला किंवा पिकगार्डखाली येईल अशा जागीच ठेवा. बाजारातली तयार लांबी पारदर्शक रंगाखाली लपत नाही.

सागवान आणि शिसवीचा भुसा नाका-डोळ्यांना आणि कातडीला त्रास देतो. मास्क लावा आणि शक्यतो उघड्यावर घासा.

जालन्यातल्या वाचकांना आणखी एक इशारा. गाव स्टीलचे आहे, फॅब्रिकेशनची दुकाने जागोजागी आहेत आणि बॉडी तिथेच राउटरवर कापून घेणे सोपे वाटते. पण ग्राइंडरचा लोखंडी कीस लाकडात रुतला, तर पाण्याचा हात लागताच सागवानातल्या टॅनिनशी त्याची क्रिया होऊन निळे-काळे ठिपके पडतात. लोखंडाच्या कामापासून दूर, स्वच्छ जागी कापून घ्या आणि नंतर चुंबक फिरवून पाहा.

कोणता रंग घ्यायचा?

दुकानात तीन जाती मिळतात. निवडताना वर काय लावायचे आहे, तेवढे लक्षात ठेवा.

- पाण्यात विरघळणारा रंग. सावकाश वाळतो, त्यामुळे हात फिरवायला वेळ मिळतो. वरच्या तेलाने तो उकलत नाही. पहिल्यांदाच करणाऱ्याने हाच घ्यावा.
- स्पिरिटमध्ये विरघळणारा रंग. तेजस्वी, पण मिनिटांत वाळतो. हात थांबला की पट्टा पडतो. वर तेल चालते. लाखेचे पॉलिश मात्र बोळ्याने लावू नका, त्यातले स्पिरिट रंग ओढून नेते.
- तेलातला वुड स्टेन. लावायला सोपा, छिद्रांत साचून रेषा उठावदार करतो. पूर्ण वाळण्याआधी वर तेल चोळले, तर रंग फडक्यावर येतो. दोन-तीन दिवस, ढगाळ हवेत आठवडाभर थांबा.

रंग कालवायला बोअरचे पाणी घेऊ नका. त्यातले क्षार आणि लोह रंगाची छटा बदलतात. आरओचे किंवा बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी वापरा. त्याच दुकानात बॅटरीचे ॲसिडही असते, बाटली वाचून घ्या.

हळदीने पिवळा रंग देण्याची युक्ती बरेच जण विचारतात. सुरुवातीला तो मोहक दिसतो, पण उजेडाने काही महिन्यांतच उडतो. काळा रंग मात्र घरगुती पद्धतीने उत्तम येतो आणि टिकतो. हिरड्याची भरड पाण्यात उकळून गाळा, थंड झाल्यावर बॉडीला लावा आणि वाळू द्या. धुऊन तेल काढलेली स्टील वूल पांढऱ्या व्हिनेगरमध्ये आठवडाभर ठेवा, बरणीचे झाकण सैल असू द्या, कारण वायू तयार होतो. ते पाणी कापडातून गाळून वर लावा. हिरड्यातल्या टॅनिनची लोहाशी गाठ पडताच लाकूड डोळ्यांदेखत काळे पडते. कापड काळे करायला रंगारी हीच क्रिया वापरत आले आहेत. सागवान किंवा बाभळीसारख्या लाकडात स्वतःचे टॅनिन असते, तिथे हिरडा कमी चालतो.

आता निळ्याचा प्रश्न. जवसाचे तेल पिवळसर असते आणि काळानुसार आणखी पिवळे होते. निळ्यावर पिवळे चढले की हिरवट दिसणारच. निळा, जांभळा, राखाडी किंवा पांढुरका रंग हवा असेल, तर जवसाचे तेल टाळा. वर पाण्यातले पारदर्शक पीयू द्या किंवा ‘नॅचरल’ छटेचे हार्डवॅक्स तेल तुकड्यावर तपासून घ्या. तांबडा, मधाळ, तपकिरी आणि काळा या रंगांना मात्र जवसाचे तेल खुलवते.

आधी तुकड्यावर

बॉडी कापून घेताना त्याच फळीचे उरलेले तुकडे मागून घ्या. सुतार ते चुलीत घालतो, तुम्हाला त्यांची किंमत फार आहे. तुकडा बॉडीइतकाच घासा, रंग द्या, वर तेलही लावा आणि मगच रंगाबद्दल मत बनवा. नुसता वाळलेला रंग फिका आणि मळकट दिसतो, तो पाहून घाबरून दुसरा हात देऊ नका. तेल लागले की तो खोल होतो. तुकडा नसेल तर झाकणाखाली येणाऱ्या पोकळीत किंवा पिकगार्डखाली तपासा. कोणता रंग, किती पाणी, किती हात, हे तुकड्याच्या मागेच पेनने लिहून ठेवा.

रंग चढवताना

नेक बसतो ती खाच, पिकअपच्या पोकळ्या आणि ब्रिजच्या खुंट्यांची भोके मास्किंग टेपने बंद करा. खाचेत तेलाचे थर साचले तर नेक घट्ट होतो किंवा किंचित वर उचलला जातो आणि तारांची उंची बिघडते. पोकळीत तेल गेले तर पुढे खरखर कमी करण्यासाठी लावायची तांब्याची चिकटपट्टी तिथे चिकटत नाही. नेकच्या भोकांतून एक लाकडी दांडी स्क्रूने बसवली, की बॉडीला हात न लावता ती फिरवता येते.

हातमोजे घाला. जुन्या धुतलेल्या सुती बनियनचा तुकडा चांगला, कारण तो धागे सोडत नाही. फडके ओलेकंच करा, एका बाजूने सुरुवात करून न थांबता पूर्ण पृष्ठभाग ओला करा आणि मिनिटभराने जास्तीचा रंग कोरड्या फडक्याने रेषेच्या दिशेने पुसा. आधी मागची बाजू करा, हात बसला की पुढची.

कडांना गडद आणि मध्ये फिका असा सनबर्स्ट हवा असेल, तर आधी सगळीकडे मधाळ पिवळा द्या. तो ओलसर असतानाच कडेने तपकिरी लावा आणि नुसत्या पाण्याच्या फडक्याने दोन्ही रंगांची सीमा आतल्या बाजूला विरवत न्या. पाण्यातल्या रंगाने हे जमते, स्पिरिटच्या रंगाने नवख्याला जमत नाही. गडद करणे केव्हाही शक्य आहे, फिके करायला मात्र पुन्हा घासावे लागते. म्हणून पातळ रंगाचे दोन हात, गडद रंगाच्या एका हातापेक्षा चांगले.

पाण्यातला रंग २४ तास वाळू द्या. त्यावर पॉलिश पेपर लावू नका, कडांवरचा रंग लगेच निघतो आणि लाकूड उघडे पडते.

तेल: कुठले, किती, केव्हा

मराठवाड्यात जवस घरोघरी माहीत आहे. चटणीसाठी घाण्यावरून आणलेले तेल गिटारला का लावू नये, हा प्रश्न म्हणूनच स्वाभाविक आहे. लाकडाला लावायचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट व्हावे लागते. जवसाच्या तेलात हा गुण आहे, पण घाण्याचे कच्चे तेल घट्ट व्हायला आठवडे घेते. दुकानात ‘डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल’ म्हणून मिळते त्यात वाळण्याचा वेग वाढवणारी धातूंची संयुगे घातलेली असतात, त्यामुळे पातळ हात साधारण दिवसभरात वाळतो. घरी तेल उकळून ते तयार होत नाही, फक्त आगीचा धोका तयार होतो. आणि दुकानातले हे तेल खाण्याच्या उपयोगाचे नाही, डब्यावर तसे लिहून मुलांपासून दूर ठेवा.

- शेंगदाणा, खोबरे, मोहरी यांचे तेल कधीच घट्ट होत नाही. ते लावू नका.
- करडईचे तेल वाळते, पण फार मंद. गिटारसाठी ते निरुपयोगी.
- तुंगाचे तेल पाण्याला आणि घामाला जवसापेक्षा जास्त टिकते आणि कमी पिवळे पडते. शुद्ध तुंगाच्या तेलाला दोन हातांत काही दिवसांचे अंतर लागते.
- डॅनिश ऑइल म्हणजे तेल, वार्निश आणि थिनर यांचे मिश्रण. लवकर वाळते, थोडे कडक होते. पहिल्या गिटारसाठी मी हेच सुचवतो.
- हार्डवॅक्स तेलात मेण असते. एक-दोन हातांत काम होते, पण महाग पडते.
- ‘टीक ऑइल’ या नावाखाली दर कंपनीचे मिश्रण वेगळे असते आणि त्यात सागाचे तेल नसते. मागचा मजकूर वाचून घ्या.

पद्धत सोपी आहे. पहिला हात सढळ द्या. वीस मिनिटांत जिथे तेल मुरून कोरडे दिसेल तिथे पुन्हा लावा. अर्ध्या तासाच्या आत वर राहिलेले सगळे तेल कोरड्या फडक्याने पुसून काढा, बोट फिरवले तर ओलावा लागता कामा नये. चिकट बॉडीची तक्रार जवळजवळ नेहमी इथेच जन्मते. पुसायचे राहिलेले तेल वरून साय धरते आणि आत ओलेच राहते. तसे झालेच तर टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने चोळून साय काढा, दोन दिवस उघडे ठेवा, मग पुढचा हात द्या. वरून आणखी तेल लावून चिकटपणा जात नाही.

तेलातला स्टेन खाली असेल तर पहिला हात चोळू नका, नुसता टेकवत लावा. पुढचे हात चमचा-दोन चमचे तेलाचे, चोवीस तासांच्या अंतराने. तीन हातांत साधी मंद चमक येते, पाच-सहा हातांत ती खोल होते. शेवटच्या दोन हातांच्या आधी नायलॉनच्या बारीक स्क्रबरने हलके घासा. इथे स्टील वूल नको. तिचे कण छिद्रांत अडकतात आणि नंतर पिकअपच्या चुंबकावर जाऊन बसतात.

शेवटच्या हातानंतर दोन ते चार आठवडे बॉडी टांगून ठेवा. तेलाचा वास गेला आणि नखाची खूण उठेनाशी झाली, की ब्रिज आणि पिकअप बसवा. घाई केली तर पिकगार्डची कड तेलात रुतून कायमची खूण राहते.

तेलाच्या चिंध्या: हे वाचल्याशिवाय डबा उघडू नका

जवस, तुंग किंवा डॅनिश तेलाने भिजलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकली, तर ती ठिणगीशिवाय आपोआप पेट घेऊ शकते. तेल हवेशी क्रिया करताना उष्णता सोडते. पसरलेल्या कापडातून ती निघून जाते, चुरगळलेल्या कापडात ती साठत जाते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना धोका आणखी वाढतो.

- प्रत्येक चिंधी अंगणात, सावलीत, एकेरी पसरून किंवा तारेवर टाकून कडक होईपर्यंत वाळवा.
- ते शक्य नसेल तर पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.
- ओल्या चिंध्या कचऱ्याच्या पिशवीत, गादीखाली, सरकीच्या किंवा भुशाच्या पोत्याजवळ ठेवू नका.
- स्पिरिट, थिनर, टर्पेंटाइनचे काम देवघरातले निरांजन, गॅस आणि बिडी-सिगारेटपासून लांब, खिडक्या उघड्या ठेवून करा.

कोणत्या महिन्यात करावे?

आपल्याकडे ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. हवा कोरडी असते आणि ऊन सोसवते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लाकूड ओलावा धरते आणि तेल चिकट राहते. करायचेच असेल तर दोन हातांतले अंतर दुप्पट करा आणि पंखा चालू ठेवा. उन्हाळ्यात पहाटे काम करा, दुपारी रंग लावता लावताच वाळून पट्टे पडतात. दुपारचा धुळीचा वारा ओल्या तेलावर बसला तर पुन्हा घासणे आले. लवकर वाळावी म्हणून बॉडी उन्हात ठेवू नका, फळ्यांचा सांधा उकलतो.

पॉलिश मिस्त्रीला काम देत असाल तर

आपले पॉलिश मिस्त्री कसबी असतात, पण त्यांचे रोजचे काम दरवाजे आणि दिवाणांचे. तिथे लांबी, सीलर आणि मेलामाइन हा ठरलेला क्रम चालतो आणि गिटारवरही तोच होतो. म्हणून काम सोपवताना या गोष्टी कागदावर लिहून द्या:

- लांबी भरायची नाही, सीलर मारायचा नाही.
- रंग कुठला आणि तेल कुठले. तपासलेला तुकडा सोबत द्या.
- टेप लावलेल्या जागा तशाच ठेवायच्या, भोके बुजवायची नाहीत.
- घासायला मशीन चालेल की फक्त हात.
- दर, मुदत आणि साहित्य कोणाचे.

आगाऊ रक्कम यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते. बॉडी देण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा.

बिल, तक्रार, हक्क

ऑनलाइन बॉडी तडकलेली आली, सांगितले महोगनी आणि आले दुसरेच, किंवा नेकची खाच मापात नाही, असे झाले तर ‘कस्टम माल परत घेत नाही’ हे उत्तर अंतिम समजू नका. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास नकार देता येत नाही. तुमचे मन बदलले, ही वेगळी गोष्ट. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे असते.

पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा आणि घासायला सुरुवात करण्याआधी मापे व लाकूड तपासा. एकदा पॉलिश पेपर फिरला की दोष मूळचा होता हे दाखवणे कठीण जाते.

कंपनी ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. तिथेही मार्ग निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीचा असला तरी तुम्ही जालन्यात दाद मागू शकता. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. पैसे देऊन घेतलेली पॉलिशची सेवाही या कायद्यात येते, त्यासाठीच वरचा कागद आणि यूपीआयची नोंद.

नंतरची निगा

वाजवून झाले की कोरड्या सुती फडक्याने घाम पुसा. गाडीसाठीचे किंवा फर्निचरचे सिलिकॉन असलेले स्प्रे मारू नका. सिलिकॉन लाकडात शिरले की पुढचा तेलाचा हात तिथे धरत नाही. हात टेकतो ती जागा वर्षभराने निस्तेज दिसू लागली, तर तारा सैल करून तेवढाच भाग नायलॉनच्या स्क्रबरने घासा, अर्धा चमचा तेच तेल लावा, पुसा आणि दोन दिवस गिटार हातात घेऊ नका. म्हणूनच उरलेले तेल फेकू नका. लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, कारण अर्ध्या रिकाम्या डब्यातल्या हवेने ते आतच घट्ट होते.